बत्तीस दरवाज्यांचा किल्ला

एका जंगलाच्या टोकाला, जिथे झाडं संपतात आणि वाळू सुरू होते, तिथे एक किल्ला होता. मुलांनो, किल्ला म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. शाळेची सहल जाते, डबे उघडतात, आणि भिंतीवर नावं कोरू नका असं गुरुजी सांगेपर्यंत नावं कोरून झालेली असतात, ती जागा.

हा किल्ला कोणी बांधला ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे तो आपल्याच पूर्वजांनी बांधला, अशी प्रत्येकाची खात्री होती.

किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वाळूची पुळण, दक्षिणेला खाडी आणि पूर्वेला जंगल. आत एक चिंचेचं झाड, चार पडक्या कोठ्या आणि एक विहीर. विहिरीचं पाणी गोड. समुद्रापासून तीस पावलांवर गोड पाणी, विचार करा! पावसाळा सरला की रानातले झरे आटत आणि मग सशापासून गव्यापर्यंत सगळे याच विहिरीवर येत. पाणी पीत, तोंड पुसत आणि निघून जात. विहिरीला कधी कुणी नमस्कार केला नाही. नमस्कार दरवाज्याला करायचा असतो.

विहिरीत जानू नावाचं एक म्हातारं कासव राहत होतं. त्या भागात विहिरीत कासव सोडायची पद्धत होती. ते शेवाळ खातं, किडे खातं, पाणी निवळ ठेवतं. जानूने तीन राजवटींमधलं शेवाळ खाल्लं होतं. त्याच्या मते चव सारखीच होती.

आणि पश्चिमेच्या बुरुजाखाली एका भोकात भागी नावाची कुर्ली राहत होती. कुर्ली म्हणजे खेकडीच, पण तिकडे तिला कुर्लीच म्हणतात. तिचं काम तट राखायचं. शिंपल्या भाजायच्या, चुना करायचा, काकवी घालून तो मळायचा आणि जिथे दगड हलला असेल तिथे भरायचा. हे काम तिची आई करायची, आजी करायची, पणजी करायची. राजे बदलले, चुना तोच राहिला.

आता गंमत बघा. कुर्लीला खारं पाणी चालतं. समुद्र आत आला असता तरी तिचं काहीएक बिघडलं नसतं. पण विहिरीत जानू होता. भागी लहान असताना तिची आई तिला विहिरीच्या काठावर ठेवून कामाला जायची आणि जानू तिला सांभाळायचा. त्या विहिरीत खारट थेंब पडू द्यायचा नाही, हे तेव्हापासून भागीच्या डोक्यात बसलं होतं. सरळ गोष्ट आहे. यात इतिहास वगैरे काही नाही.

इतिहास पुढे आहे. मागच्या रांगेने जांभया आवराव्यात.

या किल्ल्यावर एक रीत होती. जो जिंकेल त्याने हरलेल्याच्या दरवाज्यातून आत यायचं नाही. त्यात म्हणे कमीपणा असतो. त्याने तट फोडून आपला नवा दरवाजा करायचा आणि त्यातून वाजतगाजत आत यायचं. मग हरलेल्याचा दरवाजा दगडचुन्याने असा बुजवायचा, की इथे कधी दरवाजा होता हे कुणाच्या बापाला कळू नये.

पहिल्यांदा रानडुकरं आली. जंगलाच्या बाजूचा तट त्यांच्या सुळ्यांना दाद देईना, म्हणून वळसा घालून त्यांनी पुळणीवरून उत्तरेचा तट फोडला. आत येऊन त्यांनी कंदमुळांसाठी सगळं अंगण उकरलं आणि त्याला कारभार असं नाव दिलं.

मग खाडीतून मगरी आल्या. "डुकरांच्या दरवाज्यातून आम्ही जायचं? शी!" असं म्हणून त्यांनी दक्षिणेचा तट फोडला आणि उत्तरेचा दरवाजा बुजवायला लावला. तो भागीच्या पणजीने बुजवला. मगरी रयतेवर फार प्रेम करत. ज्याला खात त्याच्यासाठी आधी रडत.

मग समुद्रावरून बगळे आले. पांढरेशुभ्र. एका पायावर उभे राहून ते म्हणाले, "आम्हाला राज्य नको. आम्ही फक्त मासे बघायला आलो आहोत." मासे त्यांचे झाले, मग खाडी त्यांची झाली, मग किल्ला. त्यांनी पश्चिमेचा तट फोडून समुद्राकडे तोंड केलेला दरवाजा केला आणि मगरींचा बुजवायला लावला. तो भागीच्या आईने बुजवला.

प्रत्येक नव्या राजाला विहिरीच्या पाण्याची मानाची करवंटी द्यायचे. त्याने पाणी प्यायचं आणि "गोड आहे" म्हणायचं. म्हटलं की किल्ला त्याचा.

ही करवंटी द्यायचा मान सदोबा कावळ्याच्या घराण्याकडे होता. सदोबा किल्ल्याचा बखरकार. कोणताही राजा आला की हे घराणं एकच वाक्य म्हणे, "महाराज, या दिवसाची आम्ही किती वर्षं वाट बघत होतो!" ते डुकरांना म्हणून झालं, मगरींना म्हणून झालं, बगळ्यांना म्हणून झालं. सदोबाला ते आजोबांकडून मिळालं होतं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. राजवटी तीन झाल्या, पण दरवाजा कधीही एकच राहिला. नवा फुटला की जुना बुजला. उधाणाच्या दिवशी त्या एका दरवाज्याला भागी फळ्या लावायची, फटींत चुना भरायची आणि समुद्र बाहेर धडका देऊन दमून परत जायचा. एक कुर्ली, एक दरवाजा, एक उधाण. एवढं तिला झेपत होतं.

राजे मूर्ख होते. खादाड होते. पण त्यांना एकमेकांचा मनापासून तिटकारा होता आणि त्या तिटकाऱ्यावर तट उभा होता.

मग बगळे उडून गेले आणि प्राण्यांचं स्वतःचं राज्य आलं. बिचाऱ्यांना वाटलं, आता बरे दिवस येणार.

सगळ्यांनी मिळून आप्पासाहेब तरसाला प्रमुख निवडलं. आप्पासाहेब हसतमुख होते. तरस हसतमुखच असतो. पहिल्याच भाषणात ते म्हणाले, "आम्ही नवा दरवाजा पाडणार नाही. आम्ही फोडणारे नाही, जोडणारे आहोत." टाळ्या पडल्या. भागीनेही दोन्ही नांग्या वाजवल्या.

त्यानंतर दोन वर्षं आप्पासाहेबांनी काहीच केलं नाही. तिसऱ्या वर्षी लोक विचारू लागले, की विहिरीच्या पायऱ्या कधी नीट होणार, तिचा खचलेला काठ कधी बांधणार. आप्पासाहेब काळजीत पडले. त्यांनी सदोबाला बोलावलं.

सदोबा म्हणाला, "साहेब, लोकांना पुढचं काही देता येत नसेल तर मागचं द्यावं. ते तयार असतं."

"मागचं म्हणजे?"

"इतिहास. तुम्ही तर जुन्या हाडांतले जाणकार. मी वेगळं काय सांगू?"

आप्पासाहेब पोट धरून हसले आणि किल्ल्याचा समग्र इतिहास लिहायचं काम सदोबाला मिळालं.

सदोबा तीन दिवस तटावरून फिरला. त्याला जुने दरवाजे सापडेनात. चौथ्या दिवशी तो उत्तरेच्या तटापाशी आला. तिथे भागी एका दगडाखाली चुना भरत होती.

"भागूबाई, इथे कुठेतरी डुकरांचा दरवाजा होता म्हणतात. मला वाटतं, नव्हताच. थापा आहेत."

"होतो दरवाजो," भागी मान वर न करता म्हणाली.

"मग दिसत कसा नाही? तुमच्या घराण्याने बुजवला म्हणे. काहीतरी खूण नको राहायला? मी तर लिहून टाकणार आहे, या घराण्याने नुसता चुना कालवला, केलं काहीच नाही. काम दिसलं तर पाहिजे ना!"

भागीच्या हातातला चुना खाली पडला.

मुलांनो, तिला शिवी दिली असती तर ती गप्प बसली असती. मारायला कोणी आलं असतं तर भोकात शिरली असती. पण पणजीच्या कामाला नाव ठेवलं, तिथे ती फसली.

"काम दिसना नाय, म्हणानच ता चांगला!" ती ओरडली. आडवी आडवी चालत गेली आणि तटावर एका जागी तिने नांगी ठेवली. "हो बघ सांधो. हयसून थय पातूर. माझ्या पणजीन भरल्यान हा. चोच घालून बघ, जाता काय?"

सदोबाने चोच घालून पाहिली. जाईना. त्याने डोळा बारीक केला. मग कुठे त्याला केसाएवढी रेघ दिसली.

"वा!" सदोबा म्हणाला. त्याला खरंच कौतुक वाटलं होतं. त्याने तिथे कोळशाने एक फुली मारली आणि उडून गेला.

संध्याकाळी भागीने विहिरीच्या काठावर बसून जानूला हे सांगितलं. जानूने मान पाण्याबाहेर काढली.

"गो भागी, दाखवलंस कित्याक?"

"तो म्हणालो, पणजीन काय्येक करूक नाय."

"म्हणाना. पणजी मेली, तिका काय फरक पडता? पाण्याक फरक पडतलो." एवढं बोलून म्हातारा पाण्यात गेला.

आठवड्याभरात चिंचेखाली सभा झाली. सदोबाने बखर वाचली. उत्तरेला रानडुकरांचा वैभवशाली दरवाजा होता आणि दुष्टांनी तो बुजवला, असं त्याने वाचताच सभेतली डुकरं ताठ झाली. ती आजवर चिखलात सुखात होती. त्यातल्या दोघातिघांना किल्ला कुठल्या दिशेला आहे हेही विचारत यावं लागलं होतं. पण आता त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"आमचा दरवाजा बुजवला? कोणी?"

"मगरींनी," सदोबा म्हणाला.

"आमचा दरवाजा उघडलाच पाहिजे!"

भागी गर्दीतून वाट काढत पुढे आली. "आप्पासाहेब, उधाणात माका एकच दरवाजो बंद करूक जमता. दुसरो उघडलात तर पाणी आत येतला. विहीर खारी होतली."

"अहो भागूबाई," आप्पासाहेब हसून म्हणाले, "एकच तर दरवाजा आहे."

दरवाजा उघडला. भागीच्या पणजीचा सांधा फोडायला चाळीस डुकरांना नऊ दिवस लागले. त्याबद्दल डुकरांचा सत्कार झाला.

दुसऱ्याच दिवशी मगरी आल्या. डुकरांचा उघडतो आणि आमचा बुजलेला राहतो, हा कुठला न्याय? त्या रडल्या. मगर रडायला लागली की आप्पासाहेबांना पुढचं ठाऊक होतं. त्यांनी घाईघाईने दक्षिणेचा दरवाजा उघडायला सांगितला. "एकच तर आहे," ते भागीला म्हणाले.

मग मागे राहिलेल्या चार बगळ्यांनी तक्रार केली. त्यांचा दरवाजा उघडाच होता आणि तीच तक्रार होती. सगळ्यांच्या दरवाज्यांचं उद्घाटन झालं, आमचंच राहिलं! म्हणून पश्चिमेचा दरवाजा आठ दिवस बंद केला आणि नवव्या दिवशी समारंभाने उघडला. त्या आठ दिवसांत भागीला बरं वाटलं होतं.

मग ससे आले. सशांनी किल्ल्यावर कधी राज्य केलं नव्हतं. पण एकदा त्यांच्या एका पूर्वजाने किल्ल्यावर चाल करून जायचा विचार केला होता.

"तो आला असता," ससे म्हणाले, "तर कुठून आला असता?"

सदोबाने विचार केला आणि उत्तरेला, डुकरांच्या शेजारी, एक जागा दाखवली. तिथे दरवाजा पाडला. सशांच्या मापाने पाडू नये, तो अपमान होईल, म्हणून हत्तीच्या मापाने पाडला.

आता तुम्ही विचाराल, भागी काय करत होती? भागीने एक युक्ती केली. सदोबा पुन्हा गोड बोलत आला आणि आणखी कुठे सांधे आहेत म्हणून विचारू लागला, तेव्हा तिने त्याला पूर्वेकडचा, जंगलाच्या बाजूचा तट दाखवला. तिकडे भोक पडलं तरी समुद्र येणार नव्हता. तिथे सांधाबिंधा काही नव्हता. अख्खा तट.

सात दिवस फोडला. काही सापडलं नाही. भागीला वाटलं, आता तरी थांबतील. तिला बखरकार लोक माहीत नव्हते.

"काहीच सापडत नाही," सदोबा भर सभेत गरजला, "याचा अर्थ उघड आहे! पुरावा पुसून टाकलेला आहे! जिथे एवढं पुसलं, तिथे केवढं मोठं असेल!" मग त्या भोकाला शोधद्वार असं नाव दिलं आणि तिथून दोन्ही बाजूंना समुद्रापर्यंत शोध सुरू झाला.

त्यानंतर जो येईल त्याला दरवाजा मिळू लागला. साळिंदरांना मिळाला. रानमांजरांना मिळाला, मग त्यांच्यात भांडण होऊन दुसरा मिळाला. विहिरीतल्या बेडकांनीसुद्धा मागितला. जानू त्यांना म्हणाला, "अरे, तुम्ही पिता काय, ऱ्हवता खय?" बेडूक म्हणाले, "काका, प्रश्न पाण्याचा नाही, अस्मितेचा आहे." आणि त्यांना पश्चिमेला, विहिरीच्या अगदी समोर, सगळ्यांत रुंद दरवाजा मिळाला.

पावसाळ्याच्या तोंडाशी किल्ल्याला एकतीस दरवाजे झाले होते. पश्चिमेच्या बुरुजाला लागून तेवढा एक तटाचा तुकडा उरला होता. त्याच्याखाली भागीचं भोक होतं.

भागी पुन्हा आप्पासाहेबांकडे गेली.

"फक्त उधाणाच्या दिसाक," ती म्हणाली. "चार दरवाजे बंद करूक देवा. समुद्राकडचे. कोणी मदतीक द्या. दुसऱ्या दिसाक परत उघडतंय. पाया पडतंय तुमच्या."

आप्पासाहेबांनी कानांवर पंजे ठेवले. "बंद हा शब्द सभेत काढू नका. भावना दुखावतात. उघडलेला दरवाजा बंद करायचा म्हणजे पूर्वजांच्या तोंडावर फळी ठोकण्यासारखं आहे."

"आणि जानूकाका?"

"कोण जानू?" आप्पासाहेबांनी विचारलं. ते रोज त्याच विहिरीचं पाणी पीत होते.

श्रावणी पौर्णिमेला द्वारोत्सव ठरला. भर दुपारी. त्या पौर्णिमेला भर दुपारी उधाण येतं हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक शिंपल्याला ठाऊक असतं. सदोबालाही ठाऊक होतं. पण मुहूर्त चांगला होता.

सकाळीच भागी विहिरीवर गेली. "काका, चल भायर. मी तुका जंगलाकडे सोडतंय. डोंगरात पाणी आसा."

जानूने विहिरीच्या पायऱ्यांकडे पाहिलं. त्या निम्म्या ढासळल्या होत्या. "माका चढूक जमाचा नाय गो. आणि मी गेलंय तर शेवाळ कोण खातलो?"

"शेवाळाचा काय घेवन बसलस!"

"माझा काम ता," जानू म्हणाला. "तुझा तू कर."

भागी चुन्याचे गोळे आणि दोन फळ्या ओढत समुद्राकडच्या तटाला गेली. प्रत्येक दरवाज्यात त्याचे त्याचे मालक नटूनथटून उभे होते.

ती बगळ्यांच्या दरवाज्यापाशी गेली. "आमचा?" बगळे म्हणाले. "आजच्या दिवशी? बेडकांचा बंद कर. तो जास्त रुंद आहे."

ती बेडकांकडे गेली. "आधी सशांचा करा," बेडूक म्हणाले. "त्यांचा तर इतिहासही खोटा आहे."

ससे म्हणाले, "लहान म्हणून आमच्यावरच का? डुकरांना सांगून बघा ना, हिंमत असेल तर."

डुकरांनी तिच्या फळ्या मोडल्या.

ती आडवी आडवी पळत होती. एका दरवाज्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. हातात चुना वाळत होता. एका दरवाज्यापाशी तरी कोणी म्हणालं असतं, की बंद कर बाई आमचा, तर निदान एक बंद झाला असता. कोणी म्हणालं नाही. सगळे त्याच विहिरीचं पाणी पिणारे होते आणि सगळे ताठ उभे होते. मला अजून त्यांचा राग येतो.

दुपारी समुद्र आला.

तो धडका देत आला नाही. धडका द्यायला काही नव्हतंच. सरळ चालत आला. बगळ्यांच्या दरवाज्यातून आला, बेडकांच्या आला, सशांच्याही आला. त्याने कुणाचा मान कमी केला नाही.

सदोबा चिंचेवर करवंटी घेऊन बसला होता. दरवाज्यांतून कोणीतरी मोठं आत येतंय एवढंच त्याला दिसलं आणि घराण्याच्या सवयीने तो म्हणाला, "महाराज, या दिवसाची आम्ही किती वर्षं वाट बघत होतो!"

समुद्राने अंगण घेतलं, कोठ्या घेतल्या, विहिरीचा काठ घेतला. घटकाभर थांबला आणि आला तसा परत गेला. त्याला किल्ला नको होता.

पाणी ओसरल्यावर उत्सव पुढे सुरू झाला. भिजले होते, पण उत्साह होता. सदोबाने विहिरीतून मानाची करवंटी भरून आप्पासाहेबांना दिली. आप्पासाहेबांनी मोठा घोट घेतला.

त्यांचं हसू पहिल्यांदाच गेलं. डोळ्यांत पाणी आलं. सदोबा हळूच कानाशी लागला, "साहेब, खारट म्हणाल तर दरवाजे चुकले असं होईल."

आप्पासाहेबांनी घोट गिळला. "गोड आहे," ते म्हणाले.

करवंटी फिरली. डुकरं प्यायली, म्हणाली, गोड. मगरींनी तर कालच्यापेक्षा गोड म्हटलं. ससे खोकत खोकत म्हणाले, गोड. खारट म्हणणारा पूर्वजांचा शत्रू ठरला असता.

"खारा आसा!" भागी ओरडली. "विष झाला ता! खोटा कित्याक बोलतात?"

सगळे तिच्याकडे वळले.

"तू कुर्ली," सदोबा शांतपणे म्हणाला. "तुला काय कळतंय गोड आणि खारट? तुला समुद्राचंही चालतं. ज्याला गोड्या पाण्यावाचून जगता येत नाही, अशा कुणी सांगितलं तर आम्ही मानू."

तसा एकजण होता. भागी विहिरीकडे धावली.

जानू पाण्यावर तरंगत होता. पाठ वर, मान बाहेर लोंबलेली. तोंडात थोडं शेवाळ होतं. भागीने त्याला नांगीने हलवलं, कितीतरी वेळ हलवलं. मग ती त्याच्या पाठीवर बसली, लहानपणी बसायची तशी.

"मीच दाखवलंय रे काका," ती म्हणाली. "सांधो मीच दाखवलंय."

चौथ्या दिवशी चिंचेखाली शोकसभा झाली. बेडकांना आता काका आठवत होते आणि ते सगळ्यांत मोठ्याने रडत होते. अर्थात उरले होते तेवढे. आप्पासाहेब म्हणाले, "जानूरावांनी या किल्ल्यासाठी बलिदान केलं." सदोबाने ते लिहून घेतलं. जानूने उधाणाशी झुंज दिली असं बखरीत आलं. उधाण कुठून आत आलं ते आलं नाही, जागा कमी पडली.

"त्यांचं उचित स्मारक झालं पाहिजे," डुकरं म्हणाली.

"झालंच पाहिजे," ससे म्हणाले.

आणि सगळ्यांना एकदमच सुचलं.

ते मिरवत पश्चिमेच्या बुरुजाकडे आले. तिथे तो शेवटचा तटाचा तुकडा उभा होता. खाली भागी बसली होती.

"भागूबाई," आप्पासाहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "इथे आम्ही जानूद्वार करतो आहोत. तुमचे ते जवळचे होते. तेव्हा मान तुम्हाला. फक्त इथला सांधा दाखवा. म्हणजे फोडायला सोपं जाईल."

"हय सांधो नाय," भागी म्हणाली. "ह्या एकाच जाग्यार कधी कोणी दरवाजो पाडूक नाय."

सगळे हळहळले. "अरेरे, कुणीच नाही? मग तर इथेच पाडायला हवा!"

फोडायला एकवीस दिवस लागले. दरवाजा झाला. जानूचं नाव कोरलेला दगड वर बसवायचा होता, त्यासाठी चुना हवा होता. भागीने तो मळून दिला. काकवी घालून, नेहमीसारखा. मग नांग्या धुतल्या.

"खय चाललात?" एका कोवळ्या बेडकाने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"घराक," भागी म्हणाली आणि समुद्राकडे गेली.

किल्ला अजून आहे. रोज सकाळी सगळे प्राणी विहिरीवर जमतात, करवंटीभर पाणी पितात, गोड म्हणतात. मग एकेकटे, इकडेतिकडे बघत, झुडपाआडून डोंगराकडे निघतात. तिथे तीन कोसांवर एक ओढा आहे. ओढ्यावर एकमेकांची गाठ पडली की ते ओळख दाखवत नाहीत.

भागीला मात्र बखरीत एक ओळ मिळाली आहे. चुना कालवणारी एक बाई किल्ला सोडून गेली, एवढीच. ती कोणत्या दरवाज्यातून गेली, यावर बत्तीसही दरवाज्यांचा दावा आहे आणि वाद अजून चालू आहे. तट कुठेच नसल्यामुळे ती कोणत्याही दोन दरवाज्यांच्या मधूनही गेली असेल, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी भिंत राखण्याच्या भानगडीत पडू नका. नीट राखलेली भिंत कुणाला दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचा सत्कार होत नाही. त्यापेक्षा एखादा दरवाजा पाडा आणि त्यावर पूर्वजांचं नाव लिहा. पाणी खारट लागलं तर तोंड वाकडं करू नका. गोड म्हणायचा सराव आजपासूनच करा. आणि ओढ्याचा रस्ता कुणाला सांगू नका.